सासऱ्यांच्या स्की

माणसाने सूर्य उगवायच्या आत उठावं, प्लॅस्टिकचे जड बूट चढवून बर्फाचा डोंगर चढावा आणि वर जाऊन पाव-चीज खावं, अशी कल्पना माझ्या सासऱ्यांच्या गावात कुणाला तरी फार पूर्वी सुचली होती. त्या डोंगरावर लिफ्ट होती आणि ती चांगली चालायची. पण लिफ्ट सुरू व्हायच्या आत चढून जाण्यातच म्हणे मजा होती. या प्रकाराला ते शर्यत म्हणत.

मी अकोल्याचा. आमच्याकडे बर्फ उसाच्या रसात घालतात आणि बाकी वेळ पोत्यात गुंडाळून ठेवतात. जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये मी गाड्यांची सीट गरम ठेवणाऱ्या यंत्रणेवर काम करत होतो, म्हणजे थंडीशी माझे संबंध कसे होते ते कळावं. तिथेच माझ्या बायकोशी ओळख झाली. ती जर्मन, आल्प्सच्या पायथ्याच्या एका खेड्यातली. लग्नाबरोबर ते खेडं, तो डोंगर आणि सासरे मिळाले.

सासरे निवृत्त शिक्षक होते, गणिताचे. स्की हा त्यांचा धर्म आणि शेजारचा बेकरीवाला हा त्यांचा सैतान. या शर्यतीत साठीच्या पुढच्यांचा वेगळा गट असे; त्यांची वाट कमी चढाची पण बरीच लांबची, आणि वरच्या अर्ध्यात बाकीच्यांच्या वाटेला मिळणारी. त्यात बेकरीवाला दरवर्षी तिसरा येई आणि सासरे चौथे. तिसऱ्याला चीजचं मोठं चाक मिळे. बेकरीवाला ते घराच्या खिडकीत ठेवी आणि ती खिडकी सासऱ्यांच्या स्वयंपाकघरातून दिसे.

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात सासऱ्यांनी स्वतःसाठी नव्या हलक्या स्की घेतल्या आणि जुन्या मला भेट दिल्या. सोबत जुने बूट. एक नंबर मोठे होते, पण सासरे म्हणाले, "दोन मोजे घाल." मग त्यांनी मला अंगणात शिकवलं. स्कीच्या तळाला लांब केसाळ पट्टी चिकटवायची, तिला फेल म्हणतात. त्या केसांमुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. टाच मोकळी राहते, म्हणून चालता येतं. "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, असं ते दर पावलाला ओरडत. मी पडलो की तेवढं म्हणत नसत.

मग एकदा जेवताना त्यांनी सांगून टाकलं की शर्यतीसाठी माझं नाव दिलं आहे.

मी आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, जावई आहेस ना तू त्यांचा? इथे जावयाला अनारसे देतात, चांदीची वाटी देतात. आणि ते तुला पहाटे डोंगरावर हाकलतायत?"

"आई, इकडे तसंच असतं," मी म्हणालो.

शर्यतीच्या दिवशी आम्ही अंधारात पोचलो. डोंगराच्या पायथ्याशी गावाचा बँड वाजत होता. त्या थंडीत ओठाला पितळ लावून फुंकणाऱ्या माणसांसमोर तक्रार करायची सोय नव्हती. बाकीचे स्पर्धक घट्ट चमकत्या कपड्यांत पायाला झटके देत उभे होते. मी आईने विणलेला स्वेटर आणि कानटोपी घातली होती. एका बाईंनी मला चहा दिला आणि प्रेमाने विचारलं, "तू बघायला आलास का?"

बायको आणि सासूबाई बर्फावर चालणाऱ्या गाडीतून वर निघाल्या. न्याहारीची व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्या दिवशी घरातली अक्कल त्या गाडीतूनच वर गेली असं माझं मत आहे.

बंदुकीचा बार झाला आणि डोक्याला दिवे लावलेली सगळी मंडळी डोंगरावर सुटली. जरा वेळाने ते दिवे माझ्यापासून इतके वर गेले की चांदण्यांतून वेगळे काढता येईनात. मी एकटा. नाही, एकटा नव्हतो. माझ्या मागे डोंगर बचाव पथकातल्या एक धिप्पाड बाई होत्या. शेवटच्या स्पर्धकाच्या मागे राहायचं आणि कुणी पडलं, हरवलं तर उचलायचं, हे त्यांचं काम. त्यांना माझ्यामागे इतकं हळू चालावं लागत होतं की थंडी वाजू नये म्हणून त्या मधूनच हात झटकत.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "कुणीतरी शेवटचं असावंच लागतं."

"हो, हो," मी धापा टाकत म्हणालो.

अर्ध्याहून अधिक चढ झाला असेल. पूर्वेला जरा फटफटलं होतं. साठीवाल्यांची लांबची वाट येऊन मिळते त्या वळणावर बर्फात कुणीतरी बसलेलं दिसलं. जवळ गेलो तर सासरे. छातीत दुखतंय की काय, पडले की काय! मी जमेल तितक्या घाईने त्यांच्यापाशी पोचलो.

"काय झालं? कुठे लागलं?"

"मला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "बाइंडिंग उखडलं."

त्यांच्या नव्या, हलक्या, महागड्या स्कीचा बूट अडकवायचा भाग स्क्रूसकट निघून हातात आला होता. त्यांच्या चेहऱ्यावर असं दुःख मी कुणाच्या अंत्यविधीलाही पाहिलं नव्हतं.

"आज मी तिसरा होतो," ते म्हणाले. "बेकरीवाला माझ्या मागे होता. आत्ताच पुढे गेला. अगदी आत्ता."

मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. मला वाटलं माझी चौकशी करतील.

"बूट माझेच जुने ना? मग त्या बाइंडिंगमध्ये माझा नवा बूटही बसेल. काढ."

"काय काढू?"

"स्की. तू तसाही शेवटचा आहेस."

हे गणिताच्या शिक्षकाचं म्हणणं होतं आणि त्यात चूक काढता येत नव्हती. मी वाकलो, बाइंडिंग सोडलं. सासरे माझ्या स्कींवर असे चढले की त्यांना साठी उलटली आहे हे त्यांच्या गुडघ्यांना कुणी सांगितलंच नसावं. जाता जाता मागे वळून म्हणाले, "माझ्या नव्या स्की नीट आण. कडा घासू देऊ नकोस."

आणि गेले.

मी बर्फात उभा. एक नंबर मोठे बूट, खांद्यावर सासऱ्यांची मोडकी स्की आणि काखेत तिची धडधाकट बहीण. बचाव पथकातल्या बाई मागून आल्या, वर जाणाऱ्या सासऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अस्सं," त्या सावकाश म्हणाल्या, "हे कोण तुझे?"

"सासरे."

त्यांनी एक स्की माझ्याकडून घेतली, खिशातून सुकं अंजीर काढून दिलं आणि आम्ही वर निघालो. मी चार पावलं वर जाई आणि एक खाली घसरे. मला सासऱ्यांचा राग आला होता, आणि त्या रागानेच बहुधा मी वर पोचलो. मध्येच सूर्य उगवला. समोरची सगळी शिखरं गुलाबी झाली. सुंदर होतं, हे मी मान्य करतो. बसून बघायला मिळालं असतं तर आणखी सुंदर वाटलं असतं.

वर हॉटेलच्या अंगणात बँड आमच्या आधी पोचला होता. अर्थात, गाडीतून. सासरे चीजच्या टेबलाजवळ उभे होते, लालबुंद आणि आनंदी. शेवटच्या चढावर त्यांनी बेकरीवाल्याला गाठलं होतं. तिसरे आले होते.

"तुझ्या स्की कुठे आहेत?" बायकोने मला विचारलं. ती हे मराठीत म्हणाली. तिला रागावायला मराठी आवडे.

"तुझ्या बाबांच्या पायात."

तेवढ्यात बचाव पथकातल्या बाई पंचांपाशी गेल्या. नियम असा होता की निघताना असलेल्या स्कींवरच पोचायचं. पंचांनी सासऱ्यांना बोलावलं. सासरे ताठ उभे राहिले.

"त्या स्की माझ्याच आहेत. मी विकत घेतल्या. दहा वर्षं वापरल्या."

"त्याच्या पायात होत्या ना?"

"वापरायला दिल्या होत्या."

पंच माझ्याकडे वळले. बेकरीवालाही वळला. बँडने वाजवणं थांबवलं. "स्की कुणाच्या?" पंचांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. पण त्याआधी सासूबाई किटली हातात घेऊन पुढे आल्या.

"नाताळात भेट दिल्या आहेत," त्या म्हणाल्या. "फीत मी स्वतः बांधली. लाल."

झालं. सासरे बाद. चीज बेकरीवाल्याला. मी मात्र शर्यत पूर्ण केलेल्यांमध्येही नव्हतो, कारण मी स्कीशिवाय पोचलो होतो. एकाच घरातले दोन जण एकाच जोडीवर बाद होण्याचा गावातला तो पहिलाच प्रसंग, असं पंच कौतुकाने म्हणाले.

परतताना गाडी सासूबाईंनी चालवली. घरी आल्यावर सासरे सरळ तळघरात गेले. दुपारी चहा झाल्यावर बायको म्हणाली, "जा ना खाली. तू गेलास तर बोलतील." अपराध कुणाचा आणि समजूत कुणी काढायची, हे विचारायचं मी टाळलं आणि गेलो.

सासरे मोडक्या स्कीला नवीन भोकं पाडत होते. वर न पाहता त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. मी उजेड धरला. ड्रिल चालू ठेवूनच म्हणाले,

"तू काय सांगणार होतास? पंचांना?"

"तुमच्या आहेत म्हणणार होतो."

ड्रिल थांबलं.

"ते खोटं झालं असतं."

"हो."

त्यांनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत घातला. माफी मागतील असं मला क्षणभर वाटलं. मी अजून नवा जावई होतो.

"तुझ्या स्कीचे फेल ओले आहेत," ते म्हणाले. "काढून वाळत घाल. हीटरवर नको, गोंद खराब होतो." मग जरा थांबून, "राहू दे. मी घालतो. तू बस."

आणि त्यांनी तळघरातली एकुलती एक खुर्ची माझ्याकडे सरकवली.