प्रेमराजभाऊंचा गोल

लग्नपत्रिकेच्या मागे गोल काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पत्रिकेवर मुहूर्त सकाळी अकराचा होता. दीड वाजला तरी नवरदेव पारावरच होता आणि मंडपात आम्ही भुकेने कासावीस झालो होतो. प्रेमराजभाऊंनी खिशातून पेन काढलं, पत्रिका उलटी केली आणि मला दाखवलं, "हे बघा. लग्न दीडला लागतं म्हणून लोक दीडला येतात. लोक दीडला येतात म्हणून लग्न दीडला लागतं. आता सांगा, चूक कुणाची?"

मी म्हटलं, "नवरदेवाची."

"कुणाचीच नाही," ते समाधानाने म्हणाले आणि दोन बाणांनी गोल पुरा केला.

प्रेमराजभाऊ माझे शेजारी. धुळ्याला पाटबंधारे खात्यात त्यांची नोकरी झाली. निवृत्तीच्या थोडं आधी त्यांना पुण्याला एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. अवघड प्रश्न कसा समजून घ्यायचा, असा त्याचा विषय होता. एका कारणामागे धावू नका, कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीला वाढवते ते बघा, बाण काढा, आणि बाण फिरून पहिल्या जागी आला की तिथे थांबा, असं तिथे शिकवलं. बाकीचे लोक प्रशिक्षणाची बॅग घेऊन परत आले. प्रेमराजभाऊ ही सवय घेऊन आले. मी वाणिज्य शाखेचा, पतसंस्थेत व्यवस्थापक. मला प्रत्येक गोष्टीच्या डावी आणि उजवी अशा दोन बाजू दिसतात. त्यांना गोल दिसतो. तरी आमचं जमतं.

त्यांच्या ओट्यावर खडूचे गोल कायम असायचे. कोकिळावहिनी रोज झाडताना ते पुसायच्या आणि म्हणायच्या, "अहो, गोल काढून पोट भरतं का?" भाऊ म्हणायचे, "पोट भरलं की गोल सुचतो." असा त्यांचा संसार चालला होता.

आमचं गाव धरणगाव-पारोळा रस्त्यापासून थोडं आत आहे. पाण्याची एक टाकी, आणि लोटनभाऊ एकेका गल्लीचा वॉल्व्ह उघडून पाळीने पाणी सोडतात. आमच्या गल्लीची पाळी सर्वात शेवटची. उन्हाळ्यात पाणी आठवड्याने यायचं, मग दहा दिवसांनी, आणि आमच्यापर्यंत येईतो टाकी रिकामी झालेली असायची. नळातून नुसती हवा फुसफुसायची.

गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वहिनींनी आपल्या मुलीला, दिपमालाला, फोन करून सांगितलं होतं की येऊ नको. खान्देशात आखाजीला लेक माहेरी येते, झोका खेळते, चार दिवस आईच्या हातचं खाते. त्या दिवसाला येऊ नको म्हणणं आईला फार जड जातं. पण दिपमाला बाळंतपणाच्या दिवसांत होती, आणि घरात हंडाभर पाण्यावर तिला ठेवायचं कसं? यंदा तिचं बाळ रांगत होतं. ती पिंपळनेरहून विचारत होती, "आई, यंदा येऊ ना?" वहिनी दर वेळी म्हणायच्या, "सांगते." आणि फोन ठेवला की भाऊंकडे बघायच्या.

भाऊंनी गोल काढला. पाणी उशिरा येतं, म्हणून लोक घाबरतात. घाबरतात म्हणून ड्रम वाढवतात. ड्रम वाढले की प्रत्येक गल्ली जास्त पाणी घेते. जास्त घेतलं की टाकी लवकर संपते. टाकी संपली की पुढचं पाणी आणखी उशिरा येतं. ग्रामसभेत त्यांनी हा गोल फळ्यावर काढला. तोवर सभेत लोटनभाऊंनाच धरलं होतं. ते वरच्या गल्लीत चहा पितात म्हणून तिकडे जास्त वेळ पाणी सोडतात, असा आरोप होता. "मी फक्त चावी फिरावस," लोटनभाऊ पुन्हा पुन्हा सांगत होते.

गल्लीतला जीवराम मागून ओरडला, "भाऊ, ह्या गोलमा पानी कोठे शे?"

सभा हसली. भाऊही हसले. पण घरी येताना मला म्हणाले, "जीवराम बरोबर बोलला. गोलात काहीतरी राहिलंय. मागचं पाणी ड्रममध्ये शिल्लक असेल तर लोकांनी नवं कमी घ्यायला पाहिजे. ते तर तेवढंच घेतात. मग शिल्लक पाणी जातं कुठे? माणूस काही दुप्पट पीत नाही."

त्याचं उत्तर त्यांना पाण्याच्या पाळीच्या सकाळी मिळालं. भाऊ दात घासत अंगणात उभे होते. वहिनींनी पदर खोचला, निळा ड्रम कलता केला आणि जवळजवळ अर्धा ड्रम पाणी मोरीत ओतून दिलं.

"अगं, काय करतेस?"

"शिळं पाणी ओतते. ताजं येईल आता."

"आणि नाही आलं तर?"

"आलं तर ड्रम भरलेला असून चालेल का? दहा दिवसांचं पाणी आहे. वास मारतं, अळ्या होतात. हेच पाजायचं का तुम्हाला?"

भाऊ तोंडात ब्रश तसाच ठेवून गल्लीत आले. मीही बाहेर होतो. गल्लीची गटार वाहत होती. नळाला अजून थेंब नव्हता आणि गटार पावसाळ्यासारखी वाहत होती. प्रत्येक दारात कुणी ना कुणी ड्रम कलता करत होतं. आमच्या घरीही तेच चाललं होतं, हे मला तेव्हा दिसलं. इतकी वर्षं ते मी रोजचं काम म्हणून बघत होतो.

वहिनी दारातून म्हणाल्या, "तुमच्या त्या गोलात मी कुठे आहे?"

"तुझाच बाण राहिला होता," भाऊ म्हणाले, आणि ओट्यावर बसून त्यांनी तो काढला. जितक्या उशिराने पाणी, तितका मोठा साठा. जितका मोठा साठा, तितकं जास्त शिळं पाणी गटारीत. आणि गटारीत गेलं ते टाकीतूनच गेलं. गोल पुरा झाला.

पहिल्यांदा भाऊंनी सरळ उपाय केला. घरोघर जाऊन सांगितलं की शिळं पाणी ओतू नका. पलीकडच्या गल्लीतल्या धुरपदाबाईंनी त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "मन्हा देवले शिळं पानी चढावू का? तू पी ते!" भाऊ परत आले. मला म्हणाले, "तिथे ढकलून उपयोग नाही. लोक ओततात ते वेडे म्हणून नव्हे. पाणी खरंच शिळं होतं म्हणून ओततात. ते शिळंच होऊ नये असं करायला पाहिजे."

म्हणजे पाणी कमी वेळ सोडायचं, पण लवकर लवकर सोडायचं. टाकीत पाणी तेवढंच. प्रत्येक गल्लीला निम्मा वेळ द्यायचा आणि निम्म्या दिवसांनी पुन्हा यायचं. पंचायतीत यावर गोंधळ झाला. निम्मा वेळ म्हटल्यावर वरची गल्ली चिडली. शेवटी लोटनभाऊच म्हणाले की आखाजीपर्यंत करून बघू, तसंही शिव्या मलाच पडतात. त्यावर वरची गल्लीही तयार झाली.

पहिली पाळी वाईट गेली. निम्मा वेळ मिळणार म्हणून लोकांनी कुणाकुणाचे ड्रम मागून आणले, मोटरी लावल्या, मागचं पाणी ओतलं ते ओतलंच. आमच्या गल्लीत पूर्वीपेक्षाही कमी आलं. वहिनींच्या वाट्याला दोन हंडे.

रागावल्या की वहिनी अहिराणीवर यायच्या. "आते पोरले काय सांगू? ये म्हनू का नको येऊ म्हनू? तुम्हना बाणले इचारा!"

भाऊ हळूच म्हणाले, "अजून एक पाळी थांब. लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो. पाणी खरंच लवकर येतं हे त्यांनी एकदा बघायला हवं."

"आणि नाही बसला तर?"

"तर तिला नको म्हणून मी सांगेन. तू नको सांगू."

ते ऐकून वहिनी आत गेल्या. भाऊ बराच वेळ खडू हातात घेऊन बसले होते, पण त्या दिवशी त्यांनी काही काढलं नाही.

दुसरी पाळी सांगितल्या दिवशी आली. लोकांनी ड्रमची झाकणं काढली तर आत पाणी बरंचसं होतं आणि त्याला वासही नव्हता. काहींनी सवयीने ओतलं. बऱ्याच जणांनी ओतलं नाही. आमच्या गल्लीत कळशी भरेल एवढी धार आली. तिसऱ्या पाळीला मी मुद्दाम रजा टाकून वरच्या गल्लीत गेलो. तिथे सुंदरबाई दारात उभी राहून हात हलवत होती, "लोटनभाऊ, बंद कर रे! आमनं बठ्ठं भराई गयं!" वेळ संपायच्या आत कुणी वॉल्व्ह बंद करायला सांगावं, हे लोटनभाऊंनी नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली.

मी घरी आलो तेव्हा आमची गटार कोरडी होती आणि भाऊंच्या नळाला करंगळीएवढी धार होती. ती टिकली. ड्रम भरला, हंडे भरले, कळशा भरल्या. वहिनी ओल्या हातानेच फोनपाशी गेल्या. भाऊंना विचारलंही नाही.

"दिपमाला, ये. हो, बाळाचे धुवायचे कपडे असतील ते पण घेऊन ये. इथे धुऊ. अगं, आहे पाणी! खोटं कशाला बोलू?"

गावाचा पाणीप्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात टाकी जिच्यावर भरते ती विहीर खाली गेली आणि दोन पाळ्यांमधलं अंतर पुन्हा थोडं वाढलं. धुरपदाबाई अजूनही देवाच्या नावाने एक कळशी ओततात. भाऊ म्हणतात, तेवढं गोलात धरलेलं आहे.

आखाजीला दिपमाला आली. मोठ्या परातीत पाणी घेऊन वहिनी नातवाला अंगणात बसवायच्या आणि तो दोन्ही हातांनी थापट्या मारून निम्मं पाणी बाहेर उडवायचा. भाऊ ओट्यावर बसून बघायचे. एकदाही "पुरे" म्हणाले नाहीत. सण झाल्यावर जावई न्यायला आले. दिपमाला म्हणाली, आणखी थोडे दिवस राहते. जावई जेवले, पुरणपोळीचा डबा घेतला आणि पिंपळनेरला एकटेच परत गेले.