नानांची गाडीवाट

रुग्णवाहिका आली होती, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबली. नाना आत, सातव्या घरात, छातीला हात लावून बसलेले. मी कंपनीतल्या पोरांचे जेवणाचे डबे भरत होते. भोंगा ऐकला आणि पोळी तव्यावर तशीच टाकून धावले. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, गाडी आत येणार नाही, पेशंटला बाहेर आणा." पोरांनी नानांना त्यांच्या लाकडी खुर्चीसकट उचललं. जिने, पाइप, उभ्या दुचाक्या चुकवत खुर्ची माझ्या दारावरून जाताना नाना माझ्याकडे बघून पुटपुटले, "रिकामी व्हती गं गाडी..." दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं. महिना उलटून गेला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. म्हणोत बापडे, माझं समाधान होत नाही.

नाना चाकणजवळच्या या गावातले जुने शेतकरी आणि आम्ही लातूरकडून पोटामागे आलेले. नवऱ्याला कंपनीत काम लागलं तेव्हा आम्ही कासारवाडीत एका खोलीत राहायचो. भाडं वाढलं की सामान बांधायचं आणि आणखी बाहेर सरकायचं, असं करत करत नानांच्या कांद्याच्या शेतात येऊन पोचलो. एक गुंठा घ्यायचा होता. मी म्हटलं, "अहो, हे तर शेत आहे!" नाना म्हणाले, "आज हाय." अर्धी जमीन कारखान्यांसाठी गेलेली, उरल्या तुकड्याला तिघं भाऊ. शिफ्ट सुटलेली पोरं गोठ्यातसुद्धा पथारी टाकायला जागा मागायची. शहर का वाढतं यावर पेपरात मोठमोठे लेख येतात, मीही वाचते. नाना एवढंच म्हणायचे, "कंपनीनं माणसं बोलावली, पर ती निजणार कुठं ह्ये कुणी बघितलं न्हाई. मंग आमीच बघितलं."

आता कसं बघितलं तेही सांगते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नानांनी बैल जुंपले आणि शेताच्या मधोमध रिकामी गाडी सरळ हाकली. माझा नवरा मागून दोन्ही चाकांच्या बाहेर हातभर सोडून चुन्याची फक्की टाकत गेला. झाला रस्ता! "गाडी जाती ना? मंग झालं तर," नाना खुशीत म्हणाले. बापजाद्यांपासून शेताला वाट सोडायची ती याच मापाने. त्यांच्या मनात लबाडी नव्हती, हे मी कुणापुढेही सांगेन. पण गाडीला काही जिना काढायचा नसतो हो, न्हाणीघर वाढवायचं नसतं! आम्ही माणसं आलो, घरं वर चढली, पायऱ्या बाहेर आल्या, आणि फक्कीची रेघ कुठल्या कुठे गेली. पुढे नानांनी बैल विकले. गाडी पडून होती, तिच्या बाभळीच्या लाकडाची त्यांनी सुताराकडून खुर्ची करून घेतली. ओट्यावर तिच्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करायची, हा त्यांचा उद्योग. मला म्हणायचे, "लातूरकर, आज डाळीत डाळ हाय का नुसतंच पाणी?"

मागच्या वर्षी शेजारचे काका न्हाणीत पडले. तेव्हाही रुग्णवाहिका कोपऱ्यावरच अडली आणि काकांना याच खुर्चीत घालून नेलं. काका वाचले, पण नानांचं हसू गेलं. घरोघरी जाऊन हात जोडायला लागले, "दोन-दोन हात मागं सरा रं." लोक म्हणायचे, "नाना, विकतानाच का नाही सोडली जागा?" नाना तसेच पुढच्या दारी जायचे. मला फार राग यायचा... पण कुणाला बोलणार? ज्याने ओव्हरटाइम करकरून जिना बांधला, तो कसा पाडेल? मग एक दिवस घणाचा आवाज आला. बघते तर नाना स्वतःचाच ओटा फोडतायत. मी ओरडले, "अहो, वेड लागलंय का? या वयात?" घाम पुसत म्हणाले, "पयलं माझं. मंग तोंड उघडता येतंय." पुढच्या आठवड्यात आम्हीही पुढच्या पायऱ्या काढल्या. पण दोनच घरं सरकली. बाकी गल्ली होती तशीच आहे.

ओट्याच्या मोकळ्या जागेत नानांच्या दहाव्यालाच कुणीतरी चारचाकी आणून लावली. ती आत आली तरी कशी देव जाणे, आरसे मिटून आली असणार. मी तोंड सोडलं, "मेल्यांनो, राख तरी निवू द्या!" तेवढ्यापुरती काढली, परत येऊन उभी राहिली. गावाच्या पलीकडे आता नवे प्लॉट पडतायत. तिथे बैलगाडी नाही, टेप लावून मोजतात. मी जाऊन पाहिलं, वाट तेवढीच सोडलीय.

नानांचा मुलगा खुर्ची भंगारात देत होता, ती मी मागून घेतली. आमच्या दाराशी ठेवलीय. माझ्या सुनेला, पूजाला, आठवा महिना लागलाय. तिने विचारलं, "आई, एवढी जड खुर्ची कशाला?" मी म्हटलं, "बसायला गं." तिला काय सांगू? शेजारच्या दोघांना सांगून ठेवलंय, कुणी कुठली बाजू धरायची ते. काल ती माहेरी गेली होती, तेव्हा आम्ही खुर्ची कोपऱ्यापर्यंत नेऊन पाहिली. रिकामी नाही नेली. मी स्वतः तिच्यात बसले होते.