गिळलेली वादळे

गट्. तांब्यातले पाणी बाबांच्या घशातून उतरे तेव्हा होणारा तो आवाज मला अजून स्पष्ट ऐकू येतो. पहिल्या तांब्याला तो बेडकाने तळ्यात मारलेल्या उडीसारखा होता, चौथ्या तांब्याला भरल्या माठावर बोट आपटावे तसा जड आणि बद्द, आणि त्यानंतर तर तो आवाज न राहता एक दीर्घ, ओला उसासा झाला. त्या चैत्रातल्या दुपारी मी नऊ वर्षांची होते, आणि बाबांच्या घशातून तो आवाज काढत राहणे एवढेच माझे काम होते.

आमचे गाव तिरोड्यापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच मोडे. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षे झाली होती, तरी आमच्याकडे बातम्या म्हणजे वारा, वीज आणि गारा एवढ्याच. या बातम्यांचा एक रिवाज होता. शेजारणीने वाटीभर काही पाठवले, तर ती वाटी आपण रिकामी परत करत नाही. तसेच पाहुण्याने आपल्या गावची गार सांगितली, तर यजमानाने निदान एखादे वादळ तरी परत करायचे. गार थोडी मोठी करून सांगितली, तर वादळही थोडे मोठे करून द्यायचे. त्यात कोणी कोणाला खोटे म्हणत नसे. पोहे वाढताना मूठ जरा सैल सोडावी, तितकाच तो सढळपणा.

बाबांची मूठ मात्र फारच सैल होती. कमी करून सांगणे त्यांना खोटे बोलण्यासारखे वाटे. आदल्या वर्षी बाईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, पाहायला एक कुटुंब आले होते. त्यांनी एक साधीशी वावटळ सांगितली. तिच्या बदल्यात बाबांनी सांगितले, की आमच्याकडच्या वाऱ्याने आमची एक बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा अख्खा तुकडा, उभ्या पिकासकट उचलून शिवेपलीकडे नेऊन ठेवली. "मंग काय जी," बाबा म्हणाले होते, "इळा घेतला, तिकडं गेलो, धान कापलं, घरी आणलं."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की जो माणूस दुसऱ्याच्या बांधीतले धान कापून आणतो आणि वर वाऱ्याचे नाव सांगतो, त्याच्या घरची मुलगी आम्हाला नको. धान पिकवणाऱ्या मुलखात एवढा डाग पुरेसा होता. वर्षभर बाईला दुसरे स्थळ आले नाही.

आणि आता जे आले होते, ते बाईच्या मनातले होते. हे फक्त मला ठाऊक होते. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत अवेळी वारा सुटला आणि गर्दीत एका तरुणाची छत्री फडफडून उलटली. त्याने ती सरळ केली नाही. तशीच उलटी धरून दुकानदारापुढे केली, तिच्यात मुरमुरे घेतले आणि खात खात निघून गेला. "हासत होता वो तो," बाई मला सांगताना म्हणाली, आणि तिच्या आवाजाला भाजलेल्या मुरमुऱ्यांचा खमंगपणा आला. तो छत्रीवालाच आता वडील आणि मामा यांच्यासह येणार होता. बाई म्हणाली, "या बारीले मोडलं, तं मी दुसऱ्या कोणापुढं चहा घेऊन जाणार नाई."

आईने सकाळीच बाबांना समोर बसवले. "आयका जी. आज पाऊस नाई, वारा नाई, गार नाई. पाव्हणे बोलतीन, तुमी आयकान."

"आन् त्याहिनं मलेच इचारलं तं?"

"तं सांगा, बरं आहे."

"वाऱ्याले बरं आहे कसं म्हणू मी?" बाबा कळवळून म्हणाले.

शेवटी बाईच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली: पोरीने तांब्या पुढे केला, की ओठांवर आलेले सगळे पाण्याबरोबर गिळायचे. मला त्यांच्या उजव्या हाताला बसवण्यात आले. दाराआड आई, आईच्या मागे बाई.

पाहुणे आले. पाय धुतले, चहा झाला, बाई येऊन गेली. छत्रीवाला सारा वेळ स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत होता, पण बाईची पाठ वळताच त्याने एकदा मान वर केली. ते मी पाहिले. मग त्याच्या वडिलांनी मिशीवरून हात फिरवला आणि पहिली वाटी पुढे सरकवली.

"होळीच्या आंधी आमच्या इकडं गार पडली जी. कवठावानी. एक गार बैलाच्या शिंगात अडकली, ती पाडव्यापर्यंत इरघळली नाई."

"पंधरा दिवस त्या बैलाले घाम नाई," मामांनी साथ दिली.

बाबांच्या कानांच्या पाळ्या तांबड्या झाल्या. "हे तं काईच नाई, आमच्या..."

मी तांब्या दिला. गट्.

छत्रीवाल्याचे वडील थांबले. काही येत नाही असे पाहून त्यांनी दुसरी वाटी काढली. "मागं बोदलकशाच्या तळ्यावर इज पडली. मासे शिजूनच वर आले. आमी निस्तं मीठ घेऊन गेलो."

"मिरची बी नेली होती," मामा म्हणाले.

बाबा पुढे सरकून बसले. त्यांच्या छातीत एक अख्खा वळवाचा पाऊस गोळा होताना मला दिसत होता. बरगड्यांमागे ढग सरकत होते, डोळ्यांत विजा. त्यांनी तोंड उघडले. मी तांब्या दिला. पुन्हा उघडले. पुन्हा तांब्या. आईने आतून भरलेला दुसरा तांब्या पायाने माझ्याकडे सरकवला.

मामा छत्रीवाल्याच्या कानाशी वाकले, पण त्यांचे कुजबुजणेही शेत ओलांडून जाईल असे होते. "काऊन रे, तुहा सासरा लय पाणी पिऊन राहिला? पोटात आग आहे का?"

छत्रीवाल्याच्या वडिलांचा चेहरा उतरला होता. तरी त्यांनी मन मोठे केले आणि तिसरी, बहुधा ठेवणीतली, वाटी पुढे केली. "आन् असा वारा, पाव्हणे, असा वारा, का कोंबडा आरवाले गेला तं आवाज घशात वापस! दुसऱ्या दिवशी भर दुपारी निघाला."

"सारं गाव दुपारी उठलं," मामा हळूच म्हणाले.

हे फार सुंदर होते. इतके सुंदर, की मीच हसले, आणि हसताना तांब्या हिंदकळून बाबांच्या धोतरावर पाणी सांडले. पाहुण्यांनी आशेने बाबांकडे पाहिले. बाबांनी शपथ आठवून, मी न देताच, तांब्या ओढून घेतला आणि डोळे मिटून तोंडाला लावला.

तिन्ही वाट्या रिकाम्या परत गेल्या होत्या.

छत्रीवाल्याचे वडील उठले. त्यांनी खांद्यावरचा पंचा नीट केला. "चला भाऊ," ते मामांना म्हणाले, आणि त्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होते. "मोठ्या घरची माणसं आहेत. आपल्याशी बोलाची मर्जी नाई. आपल्या गारा यांच्या आंगनात मावत नाई."

मामांनी जोडे शोधले. छत्रीवाला उठला, पण दाराच्या दिशेने पाहत तिथेच घोटाळला. आतली बांगड्यांची किणकिण एकदम थांबली. चुलीवर आधण यायचे थांबावे तशी. बाबा माझ्याकडे पाहत होते. गाल पाण्याने फुगलेले, मान ताठ, नाकपुड्या थरथरणाऱ्या. शंकरपटाच्या शर्यतीत दोर ताणून धरलेला बैल सुटण्याआधी असाच पाहतो. माझे दोन्ही हात पुन्हा तांब्यावर, आणि तांब्या त्यांच्या ओठांशी.

परक्या पुरुषांपुढे जी कधी उंबऱ्यावर उभी राहिली नव्हती, ती माझी आई दार पुरते उघडून बाहेर आली. तिने जोडे घालणाऱ्या पाहुण्यांकडे पाहिले, मागे भिंतीला टेकलेल्या बाईकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"सोड."