मांडीचा मागचा स्नायू आणि प्रमुख पाहुणे

मला राग लवकर येतो, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशीचा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरू नये असंच मला वाटतं.

मी नालासोपाऱ्याच्या एका शाळेत पीटी शिकवते. माझ्या वर्गातली एक नववीतली मुलगी दोनशे मीटर पळते. घर पाचूबंदरला, आई तुळिंजच्या बाजारात मासे विकते. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिली येऊन विभागीयला जायचं, एवढं एकच तिने वर्षभर डोक्यात घेतलं होतं.

स्पर्धेच्या दोन महिने आधी तिच्या उजव्या मांडीचा मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, ताणला गेला. हा स्नायू एकदा दुखावला की पुन्हा दुखावायला टपलेलाच असतो. म्हणून मी तिला कित्येक आठवडे जोरात पळूच दिलं नाही. तिच्या मांडीची पुढची बाजू दणकट आणि मागची कच्ची. ती कसर भरून काढायला रोज चटईवर गुडघ्यांवर उभं राहायचं, मी मागून तिचे घोटे धरायचे आणि तिने सावकाश पुढे झुकायचं. पोरगी रडायची, पण करायची. पाय गरम झाल्याशिवाय पळायचं नाही, हे तर मी तिला आणि तिच्या आईला इतक्यांदा सांगितलं की आई मला पाहिलं की आधीच हसायची.

स्पर्धा चंदनसारकडच्या मैदानावर होती. फायनल दहाची. साडेनऊला मी मुलीकडून जॉगिंग, ताण, छोट्या छोट्या दौडी, सगळं करून घेतलं. घाम आला, पाय मोकळे झाले. आणि माईकवर घोषणा झाली, प्रमुख पाहुणे निघाले आहेत, उद्घाटनाशिवाय फायनल होणार नाही.

निघाले म्हणजे कुठून, देव जाणे! मुलींना मंडपात सतरंजीवर रांगेत बसवलं. तास झाला, दीड तास झाला. एखादी पाय हलवायला उठली की बिल्ला लावलेला एक गृहस्थ खेकसायचा, “ए, खाली बस, पाहुणे येतायत!” मुली काय लग्नातल्या अक्षता आहेत, वेळ येईपर्यंत मुठीत धरून ठेवायला?

पाहुणे आले. दिवा लागला, भाषण झालं, खेळामुळे शरीर कसं तंदुरुस्त राहतं यावरच. मग सत्कार सुरू झाले. त्यांत चांगली क्रीडाशिक्षिका म्हणून माझाही होता. मी वाकून शाल घेत असताना माईकवरून ऐकलं, साहेबांना पुढे कार्यक्रम आहे, फायनल लगेच घ्या. सतरंजीवरून मुलींना उठवून थेट रेषेवर उभं केलं. शेजारच्या संयोजकांना मी म्हटलं, “दहा मिनिटं द्या, मुली थंड पडल्यात.” ते फोटोग्राफरकडे बघत म्हणाले, “मॅडम, इकडे बघा.” आणि मी बघितलं.

वळण संपलं तेव्हा माझी मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. सरळ पट्टीवर तिने जोर लावला, एकदम हात मांडीमागे गेला, लंगडीची दोन पावलं टाकली आणि कोसळली. माईकवाला म्हणाला, मुलींनी खाण्यापिण्याकडे लक्ष द्यायला हवं. मी धावत पोचले तोवर तो बिल्लेवाला “नस चढलीय” म्हणत मलम चोळायला बसला होता. फाटलेला स्नायू चोळतात? मी त्याला हाताला धरून बाजूला ढकललं. बर्फ मागितला. शाली होत्या, नारळ होते, पाहुण्यांसाठी काजू होते. बर्फ नव्हता.

बर्फ तिच्या आईकडे होता. ती बाजारातून थेट आली होती, डोक्यावर थर्माकोलचा खोका घेऊन. तिने उरलेले मासे धुळीत काढून ठेवले आणि बर्फाचा चुरा ओंजळीने मुलीच्या मांडीला लावला. मुलगी दुखतंय म्हणून नाही, तर “आता विभागीय गेलं” म्हणून रडत होती.

“बाई,” आई वर न बघता म्हणाली, “पाय गरम झाल्याबिगर पलायचं नाय, तुमीच सांगता ना? मंग हिला उठवली कोनी?”

मी सांगत सुटले. पाहुणे, संयोजक, सतरंजी, दीड तास. माझा आवाज चढला होता, आजूबाजूचे लोक बघायला लागले होते. तिने सगळं ऐकून घेतलं.

“आनि तुमी कुठं होता?”

“स्टेजवर,” मी म्हटलं.

तिने पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्या खांद्याकडे पाहिलं. बर्फ तिच्या बोटांतून गळत होता.

“मंग ती शाल द्या हिकडं,” ती म्हणाली. “बर्फ बांधायला कपडा पायजे.”