सहा मिनिटं उशीर

माझी ताई एकोणीस वर्षं इस्पितळात नर्स होती आणि आता ती बस चालवते. हे ऐकलं की लोक आधी हसतात, मग माझ्याकडे बघतात, जणू मीच तिला भरीस घातलं! उलट मी घर डोक्यावर घेतलं होतं. "या वयात स्टिअरिंग? डोकं फिरलंय का तुझं?"

पण तिचं त्या कामावरून मन उडालं होतं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. वॉर्डात खाटा बत्तीस, नर्स दोन. वळवणं राहून जायचं, तक्त्यावर 'वळवलं' म्हणून सही मात्र व्हायची. सगळ्याच करायच्या, तीही करायची. एका आजोबांची पट्टी सोडली तेव्हा तिला आत हाड दिसलं. तक्त्यावर आठवडाभराच्या सह्या होत्या, निम्म्या तिच्या. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तक्ता पूर्ण आहे ना? मग झालं." ताईनं राजीनामा दिला आणि वर्षभर खिडकीशी बसून राहिली. तिचं काय होणार, या विचारानं माझी झोप उडायची.

बसची नोकरी लागली, पण पहिले सहा महिने कच्चेच, काम पटलं तरच कायम. फेरी संपली की पोचल्याची वेळ कागदावर लिहायची. ताईला रोज सहा मिनिटं उशीर. म्हातारं माणूस सीटवर नीट टेकल्याशिवाय ती गाडी हलवायचीच नाही. डेपोतले जुने ड्रायव्हर, सगळ्यांचे मामा, तिला म्हणाले, "अगं, उशीर सगळ्यांनाच होतो. ठरलेली वेळ लिहून मोकळं व्हायचं. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना, मामा."

पाचव्या महिन्यात डेपोच्या साहेबांचं बोलावणं आलं. मला वाटलं, झालं! आता ही परत खिडकीशी बसणार. आणि एवढा राग आला तिचा! सहा मिनिटांसाठी कसला हट्ट?

साहेबांनी त्या मार्गाचे सगळे कागद टेबलावर पसरले होते. "चौदा ड्रायव्हर, तेरा वेळेवर. एकट्या तुम्हीच रोज उशिरा?"

"त्या वेळात ती फेरी होत नाही, साहेब. एकदा बसून बघा."

साहेब दुसऱ्या दिवशी नेमके मामांच्या बसमध्ये बसले. मामांनी गाडी अशी हाणली की वळणावर एक आजी पडता पडता वाचल्या. तरी चार मिनिटं उशीर झालाच. पुढच्या महिन्यात फेरीला सहा मिनिटं वाढवून मिळाली आणि ताई कायम झाली. मामा आता तिला 'घड्याळबाई' म्हणतात, आणि गाडी हलवण्याआधी स्वतःही सीटकडे बघतात.

नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या दिवशी मी आईला घेऊन मुद्दाम ताईच्या बसमध्ये चढलो. आई दांडा धरत, गुडघ्यांना शिव्या घालत, सावकाश टेकली. ताई आरशातून बघत होती. मगच गाडी हलली.

शेवटच्या थांब्यावर तिनं पेन काढलं आणि ठरलेली वेळ लिहिली. मी हळूच मनगट वळवून बघितलं. माझ्या घड्याळातही तेवढेच वाजले होते. मग तिनं खाली सही केली.