सोडेवाल्या चाचांचं तीन दिवसांचं मौन

सोडेवाल्या चाचांच्या दुकानात सोडा आधी प्यावा आणि ऐकावं नंतर, हे बीडमध्ये नव्याने आलेल्याला कुणीतरी सांगून ठेवी. मला कुणी सांगितलं नाही. मी शाळेत सायन्स शिकवतो म्हटल्यावर चाचांनी तोंडाशी अडकलेली काचेची गोळी दाबून बाटली उघडली, हातातच धरली आणि समजावायला लागले. ते थांबले तेव्हा माझ्या वाट्याला नुसतं पाणी आलं.

समजावणं मात्र पक्कं होतं. "बंद बाटलीत वरच्या गॅसचं न् पाण्यातल्या गॅसचं जमलेलं हाय, मास्तर. जेवढा वर जातो तेवढा खाली येतो. ऊन लागलं की वर पळतो, दाबला की पाण्यात बसतो. तुमी काय बी बदला, ते फिरून जमवून घेतात." आमच्या उर्दू शाळेच्या पुस्तकात यावर दोन रुक्ष पानं होती. ती मिटून मी वर्गात चाचांचंच बोलणं सांगू लागलो.

उन्हाशी त्यांचं उभं वैर. तेलगावच्या एका लग्नाला बाटल्या नेताना त्यांनी त्यांवर ओली गोणपाटं घातली, वर स्वतःची छत्री धरली आणि भर वैशाखात बैलगाडीत उघड्या टकलाने बसून राहिले. सोडा झकास फसफसला. चाचांना दोन दिवस ताप आला.

एवढं कळणाऱ्या माणसाने घरात मात्र एकच केलं, दाबलं. एकुलत्या मुलाला, करीमला, हैदराबादला मोटारींचं काम शिकायचं होतं. दुकानच चालवायचं, असं चाचा त्याला उठता-बसता ऐकवीत. एके दिवशी तो निघून गेला. दोन वर्षं पत्र नाही. मग एक आलं, तेही चाचांना नाही, मला: ईदला येतो, पण अब्बांनी दुकानाचा विषय काढला तर त्याच पावली परत.

मी ते चाचांना वाचून दाखवलं. चाचांनी हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, "मीच लई दाबलं त्याला."

करीम तीन दिवस राहिला. चाचा शेवयांवर बोलले, शेजारच्या बकरीवर बोलले, माझ्या मिशांवर तर फारच बोलले. दुकानाचं अवाक्षर नाही. गिऱ्हाइकांना सोडा मुकाट्याने आणि ताजा मिळू लागला, तेव्हा लोक त्यांच्या तब्येतीची चौकशी करू लागले.

चौथ्या दिवशी सकाळी करीम टांग्यात बसला. चाचांनी तोंड उघडलं. मी घाबरून त्यांचा हात धरला. पण ते नुसतं "जपून जा" म्हणाले. करीम टांग्यातून बापाकडे वाकला आणि आपणहून म्हणाला, "अब्बा, बकरीदला येतो. दुकानातल्या यंत्राचं चाक लई करकरतंय, तेवढं दुरुस्त करतो."

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. स्वतःच्या मुलावर आवाज चढवायला लागलो की मला टांग्याशेजारी ओठ मिटून उभे असलेले चाचा दिसतात, आणि पुढचं बोलणं मी गिळतो.