माझ्या बायकोला जाखीण ठरवली

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझी बायको गेली त्याच साली त्याची लघवी अडायला लागली. मुंबईला नेला, तर प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. उपाय म्हणून दोन्ही अंडगोळ्या काढल्या. तेव्हा तसंच करायचे. वहिनीने गावात सांगितलं, हर्निया होता. मीही मान डोलावली. पुरुषाची अब्रू म्हणे तिथेच असते. डोक्यात असती तर आमच्या गावात फार थोड्यांना असती.

काही महिने बरे गेले. मग दादाचं डोकं ठणकायला लागलं, तोंड एका बाजूला लोंबलं, एका माणसाची दोन दिसू लागली. पुन्हा मुंबई. डॉक्टर म्हणाले, "आजार वर चढलाय. मेंदूत, आणि मेंदूवरच्या आवरणांतही."

आता हर्निया डोक्यात चढला हे गावाला कसं सांगणार? गावाने आपलं कारण शोधलं. दादाने भ्रमात माझ्या बायकोला हाक मारली होती, कालवणात आंबट कमी आहे म्हणून. झालं. तिनेच धरला म्हणाले.

देवळात कौल लावला. गुरवाने देवाला फुलं चिकटवली. उजवं पडलं, म्हणजे देवाचा होकार.

गुरव म्हणाला, "घरातलीच बाय हाय. जाखीण. नारळात बांधून शिवेपार टाकूया."

जाखीण म्हणजे सवाष्ण मेलेल्या बाईचं भूत. सवाष्ण मेली, भाग्याची, म्हणून देवळात जमलेल्या ह्याच बाया तेव्हा तिच्या पाया पडल्या होत्या. थोरल्या दिरासमोर जिने कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ती म्हणे मेल्यावर त्याच्या मानगुटीवर बसली.

दादा खांबाला टेकून बसला होता. त्याच्याकडे बघितलं आणि बोललो, "गुरवबुवा, हर्निया-बिर्निया काय नव्हता. ह्याला खालचा कॅन्सर. अंडगोळ्या काढल्यात. तोच आता डोक्यात गेलाय."

बायांनी तोंडाला पदर लावले. देवालाही नवीनच असावं.

वहिनी म्हणाली, "भावोजी, भावाची अब्रू चव्हाट्यावर मांडलीत."

"आणि जावेला नारळात कोंबत होतात, तिला अब्रू नव्हती?"

दादाच वाकड्या तोंडाने बोलला, "खरा हाय ता. आता उठवा मला, कुल्ले दुखले."

नारळ तसाच राहिला. दादा पुढे महिन्याभरात गेला.

बायको गेल्यापासून माझं ताट वहिनीकडून यायचं, ते बंद झालं. मी आपला भात शिजवतो. खाली लागतो, करपतो, तसाच खातो. बायकोला शिवेपार टाकून मिळालेला मऊ भात मला गिळवला नसता.